क्रॉस स्लाइडचा बॅकलॅश: नट आवळण्यापूर्वी झीज कुठे आहे ते मोजावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीतील घराच्या बंदिस्त बाल्कनीत आपण एक जुना बेंच लेथ बसवला आहे. क्रॉस स्लाइडच्या (टूल कामाकडे आडवे नेणाऱ्या स्लाइडच्या) स्क्रूचा पिच, म्हणजे दोन शेजारच्या आट्यांतील अंतर, २ मिमी आहे आणि डायलवर ०.०५ मिमीच्या चाळीस रेघा आहेत. हँडल उलट फिरवले की स्लाइड हलण्याआधी नऊ रेघा रिकाम्या जातात; हाच बॅकलॅश. पार्टिंग करताना (काम कापून वेगळे करताना) तीन ब्लेड मोडली, गनमेटलचे बुश मापात येत नाहीत, आणि नट आवळून पाहिला तर स्लाइड टोकाला गेल्यावर हँडल जाम होते. अशा स्थितीत बॉल स्क्रू (छर्ऱ्यांवर चालणारा स्क्रू) बसवावा, डीआरओ (स्लाइडची जागा आकड्यांत दाखवणारे यंत्र) घ्यावा, की नवा स्क्रू करून घ्यावा, असे आपण विचारले होते. मी सुचवल्यावर आपण डायल गेज लावून नोंदीही घेतल्या: स्लाइड हँडलच्या बाजूला असताना ०.२०, मध्यावर ०.४५, पलीकडच्या टोकाला पुन्हा ०.२०, आणि स्क्रूची स्वतःची मागे-पुढे हालचाल सर्वत्र ०.१२ मिमी.

बॉल स्क्रू बसवू नये. डीआरओ घेतल्यास मापाचा त्रास जाईल, ब्लेड मोडण्याचा जाणार नाही. नवा स्क्रू आपल्याला लागणारच आहे, पण त्याआधी जवळजवळ फुकटात होणारी दोन कामे उरकून घ्यावीत, कारण ती न करता नवा स्क्रू घातला तर त्यातही तोच ढिलेपणा दिसेल आणि दोष स्क्रू करून देणाऱ्यावर जाईल.

डायलवर दिसणाऱ्या ०.४५ मिमीला आपण एकच दोष समजतो. प्रत्यक्षात ती तीन-चार दोषांची बेरीज असते. पहिला हिस्सा स्क्रूच्या कॉलरचा, म्हणजे स्क्रूवरच्या जाड कड्याचा. हा कॉलर हँडलजवळच्या ब्रॅकेटमध्ये दोन बाजूंनी धरलेला असतो, आणि तिथे फट पडली की नटाशी काहीही संबंध नसताना अख्खा स्क्रूच मागे-पुढे सरकतो. दुसरा हिस्सा नटाच्या आट्यांतील फटीचा, तिसरा स्क्रूच्या आट्यांच्या झिजेचा. याखेरीज हँडलची पिन सैल असते, डायलची रिंग घसरते, गिब पट्टी (स्लाइडच्या बाजूची फट भरणारी पट्टी) ढिली असल्यामुळे स्लाइड सरकण्याआधी किंचित तिरकी होते. हे शेवटचे दोष आधी काढून टाकावेत, नाहीतर बाकीच्या नोंदींवर विश्वास ठेवता येत नाही.

आपल्या आकड्यांतून ही बेरीज सोडवून पाहू. ०.१२ हा कॉलरचा हिस्सा सर्वत्र सारखाच असणार, म्हणून तो वजा केला. दोन्ही टोकांना उरतात ०.०८ मिमी. टोकांकडचे आटे फारसे वापरले जात नाहीत, त्यामुळे हे ०.०८ म्हणजे मुख्यतः नटाची झीज आणि नवेपणीही ठेवलेली थोडी फट. मध्यावर उरतात ०.३३, त्यातून नटाचे ०.०८ वजा केले की ०.२५ मिमी ही निव्वळ स्क्रूची, मधल्या पट्ट्यातील झीज. नट तर सर्वत्र तोच आहे. जागेनुसार जे बदलते ते स्क्रूचेच असले पाहिजे. तिन्ही ठिकाणी सारखे आकडे आले असते, तर मी स्क्रूला हातही लावू नका असे लिहिले असते.

हँडल जाम का झाले, तेही यातूनच कळते. आपण नट आवळलात तो स्लाइड मध्यावर असताना, म्हणजे स्क्रूच्या सर्वांत बारीक झालेल्या आट्यांवर. तो नट टोकाकडच्या जाड, न झिजलेल्या आट्यांवर गेल्यावर अडकणारच. समायोजनाचा नट स्क्रूच्या सर्वांत कमी झिजलेल्या जागेवरच बसवता येतो. त्यामुळे तो कितीही काळजीने आवळला तरी मधले ०.२५ मिमी जात नाहीत. ते जावेत म्हणून जोर लावला तर टोकाकडच्या प्रवासात नव्या नटाची माती होते. वागळे इस्टेटमध्ये उमेदवारी करत असताना मी स्वतः हेच केले होते, आणि संध्याकाळपर्यंत ट्रेमध्ये पिवळा कीस पडलेला पाहून मिस्त्रींनी काही न बोलता मला तो झाडून काढायला लावला होता.

आता पहिले काम: कॉलरची फट. ती मोजताना गेजचा प्लंजर थेट स्क्रूच्या टोकावर टेकवू नये, कारण ते टोक क्वचितच काटकोनात असते आणि फिरताना त्याचीच चूक गेजवर दिसते. टोकाला सेंटर होल असेल तर त्यात ग्रीसचा ठिपका लावून सायकलच्या बेअरिंगमधला एक छर्रा चिकटवावा आणि गेज त्या छर्ऱ्यावर टेकवावा. स्लाइड लॉक करून हँडल अलगद मागे-पुढे फिरवले की सुई जितकी हलते तितकी फट. बहुतेक लहान लेथवर हँडलच्या मागे दोन लॉकनट असतात. ते थोडे आवळून ही फट ०.०२ पर्यंत सहज येते. तिथे नट नसून फक्त वॉशर असेल, तर पातळ शिम (पत्र्याची चकती) कापून घालावी.

हँडल त्यानंतर जड फिरू लागले, किंवा महिन्याभरात फट पुन्हा वाढली, तर कॉलरच्या दोन्ही बाजूंना थ्रस्ट नीडल बेअरिंग बसवावे. १० मिमी स्क्रूसाठी एएक्सके १०२४ हे बेअरिंग चालते. आतील व्यास १० मिमी, बाहेरील २४ मिमी, जाडी २ मिमी. त्याच्या दोन्ही अंगांना प्रत्येकी १ मिमी जाडीचे एएस १०२४ वॉशर घातले की एकूण ४ मिमी जागा लागते, आणि एवढी जागा ब्रॅकेटमध्ये बहुधा करता येते. ५११०० क्रमांकाचे बॉल थ्रस्ट बेअरिंग त्याच व्यासाचे असले तरी ९ मिमी जाड असते, म्हणून लहान मशीनवर ते फार क्वचित मावते. ही बेअरिंगे मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर सहज मिळतात. एकाच बाजूला बेअरिंग घालून दुसरीकडे घासणारा वॉशर तसाच ठेवणे मात्र व्यर्थ आहे. खेचणाऱ्या जोराखाली झीज त्या बाजूने होत राहते.

दुसरे काम गिब पट्टीचे आणि नटाच्या बैठकीचे. गिबचे ग्रब स्क्रू एकेक करून असे आवळावेत की स्लाइड हाताला एकसारखी जड लागेल, पण कुठेही अडकणार नाही. नंतर नट धरणारा बोल्ट सैल करावा, स्लाइड हँडलच्या दिशेने पूर्ण मागे आणावी म्हणजे नट ब्रॅकेटच्या अगदी जवळ येतो, आणि त्या स्थितीत तो बोल्ट आवळावा. स्क्रूची धरलेली बाजू तिथून जवळ असल्यामुळे नटाची उंची किंवा तिरपेपणा चुकला असेल तर तिथेच सर्वांत जास्त जाणवतो, आणि नटाला स्वतःची जागा तिथेच सापडते. पुष्कळ मशीनवर नट वरून तीन स्क्रूंनी धरलेला असतो आणि बाजूच्या दोन स्क्रूंनी तो किंचित तिरका करून बॅकलॅश घालवता येतो. मला ही युक्ती फारशी आवडत नाही. नट तिरका झाला की पूर्ण आटे न टेकता टोकाच्या एक-दोन आट्यांच्या कडाच टेकतात, आणि आज मिळालेली घट्ट चाल थोड्याच दिवसांत पुन्हा ढिली होते. त्यापेक्षा नट मध्ये चिरून, दोन भाग एका छोट्या स्क्रूने एकमेकांपासून दूर ढकलणे चांगले. दोन्ही भागांचे आटे त्यामुळे स्क्रूच्या परस्परविरुद्ध अंगांना सपाट टेकतात.

ही दोन कामे नीट झाली की आपल्या मशीनवर टोकांना ०.०५ आणि मध्यावर ०.३० च्या आसपास आकडे यावेत. टोकांचे ०.०५ तसेच राहू द्यावे. शून्य बॅकलॅश असलेला साधा नट म्हणजे तेलालाही जागा न उरलेला नट.

हे ०.३० अंगावर घेऊनही चांगले काम करता येते, आणि नवा स्क्रू येईपर्यंत तसेच करावे लागणार आहे. टूल नेहमी एकाच दिशेने, बाहेरून आत, मापावर आणावे. माप ओलांडले गेले तर तेवढ्याच रेघा उलट मोजून थांबू नये. अर्धा-पाऊण फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे यावे. हे बहुतेकांना ठाऊक असते. झिजलेल्या स्क्रूची दुसरी खोड मात्र कमी लोकांच्या लक्षात येते. एकाच दिशेने गेले तरी, न झिजलेल्या आट्यांवरून झिजलेल्या पट्ट्यात शिरताना हँडल जितके फिरवले तितका नट सरकत नाही, कारण टेकणारी बाजूच हळूहळू मागे गेलेली असते. म्हणून ४० मिमी व्यासावर डायल शून्य करून थेट २० मिमीपर्यंत रेघा मोजत गेलात, तर व्यासात दोन-तीन दशांशांची चूक सहज होऊ शकते. स्लाइडची चूक व्यासात दुप्पट होते, हेही इथे विसरू नये. आपले बुश मापात न येण्याचे कारण बहुधा हेच आहे. उपाय साधा आहे. मापाच्या अर्धा मिमी आधी थांबून मायक्रोमीटरने मोजावे आणि फक्त शेवटच्या अर्ध्या मिमीसाठी डायलवर विसंबावे, कारण तेवढ्या छोट्या प्रवासात झिजेचा फरक नगण्य असतो.

अगदी शेवटच्या कटसाठी क्रॉस स्लाइडला हातच न लावण्याची एक सोय आहे. कम्पाउंड स्लाइड (क्रॉस स्लाइडवरची, कोनात फिरवता येणारी छोटी स्लाइड) लेथच्या अक्षाशी ५ अंश ४४ मिनिटांवर लावावी, म्हणजे कम्पाउंड ०.१० मिमी पुढे नेली की टूल कामाकडे फक्त ०.०१ मिमी सरकते. क्रॉस स्लाइड लॉक करून असा कट घेतला की बॅकलॅशचा प्रश्नच उरत नाही. बेअरिंगच्या बसवणीसाठी शाफ्ट करताना मी आजही, चांगल्या मशीनवरसुद्धा, असेच करतो.

ब्लेड मोडण्याचे गणित वेगळे आहे. पार्टिंग करताना हाताने आपण प्रत्येक फेऱ्याला साधारण ०.०४ मिमी फीड देतो, आणि कटचा जोर टूलला सहसा मागे ढकलत असतो, त्यामुळे नट एका बाजूला टेकलेला राहतो. मात्र ब्लेड जास्त बाहेर काढलेले असेल किंवा टूलपोस्ट दबत असेल, तर ब्लेडचे टोक खाली वाकते, कामाखाली ओढले जाते, आणि जोराची दिशा क्षणात उलटते. त्या क्षणी स्लाइडला ०.४५ मिमी मोकळी जागा असेल, तर अकरा फेऱ्यांचा फीड एका झटक्यात आत जातो. ब्लेड तिथेच मोडते. म्हणजे बॅकलॅशमुळे ब्लेड मोडते खरे, पण त्याला वाकायला लावणारे कारण दुसरेच असते. ब्लेड गरजेपेक्षा एक-दोन मिमीच जास्त बाहेर ठेवावे, टोक बरोबर सेंटरच्या उंचीवर असावे, काम चकच्या शक्य तितके जवळ कापावे, आणि पार्टिंगपुरता गिबचा एक ग्रब स्क्रू पाव फेरा आवळून स्लाइड मुद्दाम जड करावी. पितळ आणि गनमेटलसाठी टूलच्या वरच्या बाजूचा उतार शून्य ठेवावा. स्टीलसाठी घासलेले धारदार, उताराचे टूल पितळाला स्वतःहून आत ओढते, आणि ढिल्या स्क्रूवर ही ओढ थोपवायला काहीच नसते.

बॉल स्क्रूला मी नाही म्हणालो त्याचे कारणही या जोरातच आहे. बॉल स्क्रूत घर्षण इतके कमी असते की हँडल सोडले तर कटचा जोर स्लाइडला मागे ढकलून हँडलच फिरवतो. सीएनसी मशीनवर मोटर ते धरून ठेवते. हाताने चालवायच्या लेथवर आपला हात सोडून दुसरे कोणी धरणारे नसते. १० मिमी व्यास आणि २ मिमी पिचच्या साध्या ट्रॅपेझॉइडल (चपट्या माथ्याच्या आट्यांच्या) स्क्रूवर आट्यांचा चढ सुमारे ४ अंशांचा असतो, आणि एवढ्या चढावर घर्षण जिंकते, म्हणून तो स्वतः मागे फिरत नाही. लॅमिंग्टन रोडवर थ्रीडी प्रिंटरसाठी मिळणारा ८ मिमीचा स्क्रू स्वस्त आणि सरळ असतो, म्हणून अनेकांना मोह होतो. पण त्याचा नेहमीचा प्रकार चार आट्यांचा असतो. पिच २ मिमी दिसला तरी एका फेऱ्यात तो ८ मिमी सरकतो, आणि चढ २० अंशांच्या घरात जातो. डायलच्या एका रेघेला मग ०.०५ ऐवजी ०.२० मिमी मोजावे लागतील. त्याच दुकानात एक-आट्याचा स्क्रूही मिळतो, पण तो उजव्या आट्याचा असतो, आणि क्रॉस स्लाइडला तो चालत नाही.

उजव्या-डाव्याचा हा मुद्दा नवा स्क्रू करून घेताना सर्वांत महत्त्वाचा आहे. क्रॉस स्लाइडचा स्क्रू सॅडलच्या ब्रॅकेटमध्ये जागच्या जागी फिरतो आणि नट स्लाइडबरोबर सरकतो. घड्याळाच्या दिशेने हँडल फिरवल्यावर टूल आत जावे म्हणून इथे आटे डावे लागतात. बहुतेक लहान लेथवर कम्पाउंड स्लाइडमध्ये उलट रचना असते, नट स्थिर आणि स्क्रू स्लाइडबरोबर सरकणारा, म्हणून तिथे आटे उजवे असतात. वीस वर्षांहून अधिक काळ हे काम केल्यावरही मी रबाळ्याच्या एका वर्कशॉपला दिलेल्या ड्रॉइंगवर फक्त व्यास आणि पिच लिहिला. स्क्रू सुरेख करून आला, पृष्ठभाग आरशासारखा, आणि आटे उजवे. त्यांची काहीच चूक नव्हती. तो स्क्रू अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

ड्रॉइंग देण्याआधी पिच खरोखरच २ मिमी आहे का, तेही तपासावे. जुन्या मशीनवर इंची स्क्रू बरेच आढळतात. स्क्रूच्या न झिजलेल्या टोकाकडे दहा आट्यांचे अंतर व्हर्नियरने मोजावे: २० मिमी आले तर २ मिमी पिच, २१.१७ आले तर इंचाला बारा आटे. ट्रॅपेझॉइडल १० बाय २ साठी स्क्रूच्या आट्यांच्या बुडाचा व्यास ७.५ मिमी येतो, आणि नटाचे भोक टॅप मारण्याआधी ८ मिमीचे ठेवतात. स्क्रूला ईएन ८ (मध्यम कार्बनचे स्टील) आणि नटाला फॉस्फर ब्रॉन्झ किंवा चांगले गनमेटल पुरेसे आहे. एवढा बारीक आणि लांब स्क्रू कापताना मधे वाकतो, म्हणून फिरता स्टेडी (टूलबरोबर सरकणारा आधार) लावूनच तो करावा, अशी अट आधीच घालावी. नाहीतर तो मध्यावर जाड आणि टोकांना बारीक येतो.

डावा टॅप बाजारात सहसा आयता मिळत नाही. अख्खा स्क्रू नवा करण्याऐवजी जुन्याचा हँडलकडचा भाग, कॉलरसह, ठेवून पुढे नवा आट्याचा दांडा जोडणेही चालते: जुन्या भागात भोक, नव्याला त्यात बसणारी खुंटी, मध्ये लॉकटाइट ६३८ (धातूचे भाग घट्ट धरणारे चिकटद्रव्य) आणि आडवी पिन. कॉलरचे आणि हँडलच्या चावीचे काम वाचते. मात्र दोन्ही भाग एका रेषेत आले पाहिजेत; भोक लेथवरच, चकमध्ये काम गेजने सरळ करून मारावे.

नटासाठी टॅप मिळालाच नाही तर एसीटल प्लास्टिकचा पर्याय आहे. नव्या स्क्रूचा तुकडा तापवून एसीटलच्या दोन अर्ध्या ठोकळ्यांमध्ये शिकंज्यात हळूहळू दाबला की आटे आपोआप उमटतात आणि बॅकलॅश जवळजवळ राहत नाही. हलक्या कामाला असा नट बराच काळ टिकतो. एसीटल सुमारे १६५ ते १७५ अंश सेल्सिअसला वितळते. त्याहून फार तापले तर फॉर्माल्डिहाइडचा डोळे झोंबवणारा वायू निघतो, म्हणून आपल्या बंदिस्त बाल्कनीत हा प्रयोग खिडक्या उघडल्याशिवाय करू नये.

नवा स्क्रू लवकर झिजू नये यासाठी एकच सवय बदलावी लागेल. मऊ गनमेटलचा नट आधी झिजावा आणि कडक स्क्रू टिकावा, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात एमरी पेपरची धूळ आणि बिडाचा काळा बुरा मऊ नटात रुततो आणि कडक स्क्रूलाच कानशीसारखा घासत राहतो. एमरी वापरताना स्लाइडवर जुने वर्तमानपत्र अंथरावे. फडके नको, ते चकमध्ये ओढले जाते. उघड्या स्क्रूला ग्रीस लावू नये, त्याला सगळा बुरा चिकटतो. ६८ ग्रेडचे स्लाइडवे तेल ब्रशने लावावे, आणि खाडीजवळच्या आपल्या भागात पावसाळ्याचे चार महिने काम नसले तरी आठवड्यातून एकदा स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून आणावी.

जुना स्क्रू भंगारात देऊ नये. त्याच्या दोन्ही टोकांचे आटे अजून मूळ मापाचे आहेत. नवा नट आला की आधी तो त्या टोकांवर चढवून पाहावा, आणि तिथे सैल वाटला तर मशीनवर बसवण्याआधीच परत द्यावा.